विहिरींचा तक्ता

"शिंदीच्या विहिरीचं पानी लेकराला पाजू नको गं," शेजारच्या ओट्यावरून लंकाबाईनं सांगितलं होतं. मनकर्णानं ते हसण्यावारी नेलं. नगरच्या कॉलेजात शिकलेली ती. चावडीवरचा सरकारी तक्ता तिनं स्वतः वाचला होता. 'पेयजल विहिरी निर्जंतुकीकरण : उद्दिष्ट सात, साध्य सात, शंभर टक्के.' मग शंका कशाला?

त्याच आठवड्यात तिच्या दहा महिन्यांच्या सूर्यभानला जुलाब लागले. चार दिवस खर्ड्याच्या दवाखान्यात काढले. पोर निभावलं, पण त्याला घोटभर पाणी पाजतानाही आता तिचा हात थबकायचा. त्र्याहत्तरचा चैत्र, नदी कोरडी. पाजायचं तरी कुठलं?

ती पुन्हा तक्त्यासमोर उभी राहिली. सात विहिरी, सात सर्व्हे नंबर. यातली शिंदीची कुठली?

"ती यात न्हाईच, वहिनी," ग्रामसेवक रंगनाथभाऊ म्हणाले. "औंदा दुष्काळात खांदलेली. नोंद व्हायचीय. नोंद न्हाई म्हून उद्दिष्टात न्हाई, अन् औषधाची पुडीबी न्हाई."

"मग सातात सात?"

"खरंच हाय की. खोटं लिवायची आपली टाप न्हाई."

"खरं असेल, भाऊ. पण शिकून-सवरून मला कळलं नाही."

रंगनाथभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वर असंच पाठवाया लागतं."

"वर तसंच पाठवा. खाली भिंतीवर मी लिहिते."

पारावर बसलेली लंकाबाई म्हणाली, "लिव्ह बाई. पर सर्वे नंबर इचारून पानी शेंदाया कुनी जात न्हाई."

मग लंकाबाई नावं सांगत गेली, रंगनाथभाऊ वही बघून वार सांगत गेले, आणि मनकर्णा स्टुलावर चढून खडूनं लिहीत गेली. 'मारुतीपुढची : सोमवारी औषध टाकलं. प्यावं. पुंजारामाच्या मळ्यातली : बुधवारी टाकलं. प्यावं.' सातही झाल्यावर आठवी : 'शिंदीची : औषध नाही. उकळूनच प्यावं.' ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी औषध टाकलेल्या विहिरींच्या काठाला चुन्याचा पट्टा ओढायचं रंगनाथभाऊंनी कबूल केलं. आठवीची नोंद करायला ते उद्याच तालुक्याला जाणार होते.

मनकर्णा खाली उतरली. मारुतीपुढची मैलभर लांब, पण सूर्यभानपुरती एक कळशी तिला जड नव्हती.

"अन् कडूबाई?" लंकाबाई म्हणाली. "शिंदीपल्याड एकलीच ऱ्हाती. तिला ना वाचता येतं, ना चुना दिसायचा. तिला मी सांगतेच, पर ती इसरती गं."

मनकर्णा पुन्हा स्टुलावर चढली. सगळ्या विहिरींच्या खाली तिनं ठळक लिहिलं : 'हे वाचणाऱ्यानं शिंदीकडून जाताना कडूबाईंना हाक मारावी. पाणी उकळलंय का, एवढं विचारून मगच पुढे जावं.'