पेन्सिलीचे शेरे

“सर, नुसतं जतन करून थांबू नका. ‘पाठवा’ दाबल्याशिवाय पोरांना काहीच दिसत न्हाई,” साधनानं तिसऱ्यांदा सांगितलं, तसे मागच्या बाकावरचे प्राध्यापक हसले.

“वडीलच हायेत तुमचे. घरी घ्या उजळणी,” त्यांच्यातला ओमप्रकाश म्हणाला.

साधनाचे अण्णा, माणिकराव, चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडं बघत राहिले. कळमनुरीच्या या महाविद्यालयात तीस वर्षं त्यांनी मराठी शिकवली. रीत ठरलेली. निबंध संध्याकाळी पेन्सिलीनं तपासायचे, सकाळी पुन्हा वाचून शेरे लाल शाईनं गिरवायचे.

“काहून घाई करून राहिली, माय? रातभर मुरू दे शेरा. सकाळी दाबतो.”

साधना विद्यापीठाकडून प्राध्यापकांना ऑनलाइन तपासणी शिकवायला आली होती. सरावासाठी तिनं आपलाच जुना निबंध चढवला होता, बी.ए.ला अण्णांच्याच वर्गात लिहिलेला. हाताशी सापडला म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. तेव्हा बाकीच्यांचे कागद शेऱ्यांनी लाल झालेले असायचे. तिच्या निबंधावर एकही खूण नव्हती; फक्त वीसपैकी बारा. त्यावरून बापलेकीत कधी शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे माणिकराव झोपेतच गेले.

तेराव्यानंतर प्राचार्यांचा फोन आला.

“ताई, या वक्ताला तकलीफ देऊन राहिलो. सरांकडं पोरांचे निबंध अडकलेत. तुमाला उघडता येतील का?”

साधनानं अण्णांचं खातं उघडलं. चाळीसच्या चाळीस निबंध तपासलेले होते. एकही पाठवलेला नव्हता.

‘दीपा, आजीचा राग खरा उतरलाय. शेवट उगाच गोड केलास.’

ती एकेक शेरा वाचून पाठवत गेली. यादीत सगळ्यात खाली तिचं स्वतःचं नाव होतं. वीसपैकी सोळा.

‘साधना, तेव्हाही पेन्सिलीनं पुष्कळ लिहिलं होतं. सकाळी शाई घेतली आणि वाटलं, वर्ग म्हणेल, लेकीचं कौतुक चाललंय. सगळं पुसलं. चार गुणही काढले. तिसरा परिच्छेद अजून पाठ आहे.’

तिनं निबंधाचा जुना कागद पिशवीतून काढला, खिडकीशी नेऊन तिरपा धरला. समासात पुसलेल्या ओळींचे वळ होते.

परत येऊन तिनं ‘पाठवा’ दाबलं. टेबलावरचा तिचाच फोन वाजला; शेरा पोचल्याचा संदेश होता.

“गुणांचं काही नव्हतं, अण्णा,” रिकाम्या खोलीत ती मोठ्यानं म्हणाली. “मला वाटायचं, तुमी वाचलंच न्हाई.”