पाचवी पायरी

धाकटी बहीण दारात आली तेव्हा तिचा ओठ आरपार फाटला होता. थोरलीने तिला दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले, दाराला दुसरी कडी बसवली, आणि धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा शांत आवाजात सांगितलं की ती इकडे फिरकलेलीही नाही. त्याचा विश्वास बसला. थोरली खोटं बोलत नाही, असा तिचा लौकिक होता.

हे लग्न तिनेच जुळवलेलं. ती ज्या कंपनीत फायरवॉलची, म्हणजे इंटरनेट आणि आतली यंत्रं यांच्यामधल्या राखणदार यंत्राची, माहितीपुस्तिका लिही, तिथेच तो आजही तपासनीस होता. तिने लिहिलेली प्रत्येक पायरी तपासनीस अक्षरशः करून पाहत. कामाला चोख, बोलायला मऊ. आणखी काय बघायचं, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

पुस्तिकेचं सध्याचं प्रकरण पत्ता वळवण्याचं होतं. इंटरनेटवरून बाहेरची मागणी फायरवॉलच्या जाहीर पत्त्यावर येते. फायरवॉल तो पत्ता पुसून आतल्या एखाद्या यंत्राचा पत्ता घालते आणि मागणी आत सोडते. स्वतः करून पाहिल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा थोरलीचा बाणा. म्हणून तिने घरच्याच फायरवॉलवर नियम घातला आणि आतलं यंत्र म्हणून स्वयंपाकघरातला कॅमेरा निवडला. दिवसभर एकट्या असणाऱ्या धाकटीवर ऑफिसातून लक्ष ठेवायला तो लावला होता. परवलीचा शब्द घालायचा राहूनच गेला होता. नियम चालला. पुस्तिकेतल्या उदाहरणांत नेहमी खोटे, राखीव पत्ते घालायचे असतात. नंतर बदलू म्हणून तिने चाललेली ओळ घरच्या खऱ्या पत्त्यासकट जशीच्या तशी पाचव्या पायरीत घातली, आणि प्रकरण तसंच तपासनिसांकडे गेलं.

दुसऱ्या संध्याकाळी दारावर पहिला घाव बसला.

"ताई, तुमचं लिखाण फार स्पष्ट असतं हो," बाहेरून त्याचा तोच मऊ आवाज आला. "पाचवी पायरी केली, तर समोर माझी बायको भाजी निवडत बसलेली."

 थोरलीने धाकटीला स्वयंपाकघरात ढकललं. पहिली कडी तुटली, दुसरी लाकडासकट उखडली. हातोडा घेऊन तो आत शिरला आणि बायकोचे केस धरून तिचं डोकं त्याने ओट्यावर आपटलं. टाके उसवले. थोरली त्याच्या दंडाला लोंबकळली, तेव्हा त्याने हातोडा तिच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मग हातोडा टाकून त्याने दोन्ही हातांनी बायकोचा गळा धरला. धाकटीच्या टाचा फरशीवर घासत राहिल्या.

"सोड तिला."

आवाज भिंतीवरून आला. कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून कुणीतरी बोलत होतं. थोरलीने ओळखला: तपासनिसांचा म्हातारा प्रमुख, ज्याला सगळे आजोबा म्हणत.

"पायरी मीही केली आहे. इथे आम्ही सगळे बघतोय. पोलीस निघालेत."

नवऱ्याने मान वर केली. चार लोकांत कधी आवाज न चढवणारा तो माणूस कॅमेऱ्याकडे बघून चक्क ओशाळला. पकड सैल झाली. थोरलीने डाव्या हाताने शेगडीवरचा तापलेला तवा उचलला आणि त्याच्या कानशिलात हाणला. तो पडला, उठू लागला, तेव्हा तिने आणखी एकदा हाणला.

पोलीस त्याला घेऊन गेले. रुग्णवाहिका दारात उभी होती, पण धाकटी जागची हलेना. तिच्या गळ्यावर बोटं उमटली होती.

"ताई, अजून बघतायत का ते?"

थोरलीला खोटं बोलवलं नाही. "दिसत असेल."

"आधी ते बंद कर. जीव वाचला, कळतंय मला. पण अशी मी कुणाला दिसायला नको."

थोरलीने मोडका हात पोटाशी धरून, डाव्या हाताने लॅपटॉपवर एकेक अक्षर दाबत फायरवॉलवरचा तो नियम खोडला. धाकटी तरीही भिंतीकडेच बघत राहिली. तेव्हा थोरली खुर्चीवर चढली आणि तिने कॅमेरा तारेसकट उपटून काढला.