एका घासापुरती उष्टी

मी एक रोटी बोलतेय. तीही उष्टी. लगेच नाक मुरडू नका बरं का! उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावी, आमच्या गल्लीत माझ्यासारख्या उष्ट्या रोटीला भिंतीवर मानाची जागा असते.

माझा जन्म होसियतच्या तंदुरातला. तिने पहाटे उठून कणीक मळली, मधोमध ठशाने नक्षी टोचली, वर तीळ भुरभुरले आणि मला तापल्या तंदुराला थापलं. त्या दिवशी तिचा मुलगा मिर्झोहिद ताश्कंदला निघाला होता, सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या विद्यालयाची परीक्षा द्यायला. लांब जाणाऱ्याने रोटीचा एक घास चावायचा आणि उरलेली रोटी आईने टांगून ठेवायची, अशी इथली रीत. त्याचं अन्न घरी शिल्लक आहे म्हटल्यावर तो ते संपवायला येणारच.

मिर्झोहिदने घास घेतला आणि तो आईला म्हणाला, "ओयी, मीठ जास्त झालंय तुमच्या हातून."

"मीठ नाही रे, आईचे डोळे गळलेत कणकेत. चाव मुकाट्यानं!"

त्याला साधं अधिकारी व्हायचं नव्हतं. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून निकामी करणाऱ्या तुकडीत जायचं होतं. डोंगराकडे मेंढ्या चारताना त्याच्या मामाचा पाय एका जुन्या सुरुंगावर पडला होता. मामा वाचला, पाय गेला. तेव्हापासून पोराने हेच मनात घेतलं होतं, आणि होसियतने तेव्हापासूनच धास्ती घेतली होती.

त्या गडबडीत तिने मला पालथं टांगलं. तोंड भिंतीकडे, पाठ घराकडे. मला दिसायचा तो नुसता चुना.

आठवडाही झाला नाही तोच मिर्झोहिद परत आला. गणितात उत्तम, धावण्यात नापास. शेजारची सबोहतखोला, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, विचारपूस करायला आली आणि मला बघून ओरडलीच, "अगं बये! रोटी पालथी टांगलीस? तिनंच पोराला अर्ध्या वाटेतून ओढून आणलं!"

होसियतचा चेहरा पांढरा पडला. मला खाली काढून ती चहात बुडवून संपवायला निघाली, तर मिर्झोहिद म्हणाला, "राहू द्या, ओयी. मी परत आलेलो नाही. मी अजून पोचलोच नाहीये."

मग तिने मला सरळ टांगलं, आणि मी पहिल्यांदा माझं घर पाहिलं.

काय काय पाहिलं म्हणून सांगू! पोर उजाडताना कालव्याकाठाने धावून यायचं, ते घामाने निथळत. मग द्राक्षाच्या मांडवाच्या दांडीला लटकायचं. "मांडव पाड मेल्या, म्हणजे द्राक्षं तुझ्या कानाला लागतील!" सबोहतखोला भिंतीपलीकडून ओरडायची. दुपारभर गणितं. आणि कामातून उठली की होसियत आपल्या मागावरच्या रेशमाचा गुंता त्याच्यापुढे टाकायची.

"ओढू नकोस. कुठं अडलंय ते आधी बोटांना विचार."

आधी धागे तटातट तुटायचे, आणि तो स्वतःवरच चिडायचा. हळूहळू अख्खाच्या अख्खा गुंता न तुटता सुटायला लागला. शिकवताना होसियतचे हात अगदी स्थिर असायचे. तो उठून गेला की तेच हात प्रार्थनेला पसरायचे. पोरगा पास होऊ दे आणि नापास होऊ दे, अशा दोन्ही प्रार्थना ती एकाच तोंडाने करायची.

उन्हाळ्यात तो पुन्हा निघाला. नवी रोटी चावली नाही, मी होतेच की. गाडी वळल्यावर होसियत आत आली, दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही हात माझ्यावर ठेवले. मला कळलं. नुसतं फिरवायचं होतं मला. पोर घरी आलं असतं, दोन्ही पायांवर चालत.

"तुझं काय जातंय गं?" ती पुटपुटली. मी अर्धी वळले. चुना दिसायला लागला.

"होसियत! काय करतेस गं आत?" बाहेरून सबोहतखोलाची हाक आली.

"धूळ पुसतेय!"

पण हात पुढे हलेना. "एवढा गुंता सोडवलाय त्यानं," ती मलाच म्हणाली, "तो मी परत कसा घालू?" मग तिने मला सरळ केलं आणि बाहीने खरंच माझी धूळ पुसली.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "ओयी, पास झालो! धावलो मी, ओयी!"

"ओरडतोस कशाला? बहिरी नाही मी," ती म्हणाली, आणि माझ्याखालीच फतकल मारून रडायला लागली.

आता मी दगडासारखी कडक झालेय. विद्यालयाची वर्षं बरीच आहेत. त्याच दिवशी संपून जायचं ते माझं आयुष्य, एका घासाने केवढं लांबलं! त्या तंदुराची, या हातांची आणि त्या दातांचीही मी ऋणी आहे. आयांनो, भिऊ नका असं मी म्हणणार नाही. पोटभर भ्या, पण लेकराची वाट पालथी करू नका.

होसियत रोज सकाळी मान वर करून, ओंजळ पसरून विचारते, "आहेस ना गं?"

मला कुठे बोलता येतंय? मी आपली अंगावरचा एक तीळ तिच्या ओंजळीत टाकते.