एका धक्क्याचे इंग्रजी शब्द

सरप्रायझिंग. पाहुणे न कळवता आले, तर.

स्टार्टलिंग. विहिरीवरच्या मोटरच्या खोक्यातून धामण निघाली, तर. आधी दचकायला हवं, मग हसू यायला हवं.

अस्टॉनिशिंग. जोआना गणितात पहिली आली, तर.

(इथे जोआना दर वेळी भांडायची. "पप्पा, ह्याला सरप्रायझिंग पुरे! एवढी काही ढ नव्हते मी.")

सॅन्टन सरांच्या घरात बातमी आणणाऱ्याने आधी इंग्रजी शब्द सांगायचा, मग बातमी. शब्द बातमीच्या मापाचा हवा. सैल नको, घट्ट नको. वसईतल्या गावच्या शाळेत सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि लेकीला तर जेवणाच्या टेबलावरच. त्यांची बायको पॉलिन या खेळात कायमची नापास. तिच्याकडे एकच शब्द.

शॉकिंग. सुरमईचा भाव शॉकिंग. फादरचं प्रवचन शॉकिंग. यंदा सोनचाफ्याला एवढी फुलं, शॉकिंग!

"अगं, शॉक विजेचा लागतो. फुलांचा नाही."

"तुम्हाला नसेल लागत," पॉलिन म्हणायची आणि टोपली उचलून झाडांकडे चालू लागायची.

अनएक्स्पेक्टेड. हा या घरात चालत नाही. जोआनाच्या निबंधात दिसला की लाल रेघ. "रिकामं पाकीट आहे हे," सर म्हणायचे. "काही सांगायचं नसतं, तेव्हा लोक हा शब्द पाठवतात."

आज सकाळी सोनचाफ्याच्या फुलांच्या केळीच्या पानात पुड्या बांधता बांधता पॉलिन ओटीवर कलंडली. डॉक्टर आले, तोवर सगळं संपलं होतं.

सरांचा धाकटा भाऊ प्लासिड आधी चर्चकडे धावला, आणि मरणाची घंटा थांबवून आला.

"घंटा वाजली की गावाच्या ग्रुपवर फोटो पडणार, दादा. पोरगी तिकडे दुबईत मोबाईलवर बघणार. ती विमानात बसू दे, मग वाजवू. आणि तू खरं सांगू नको. सिरीयस आहे म्हण. एकटीने यायचंय तिला. सगळे असंच करतात."

सरांनी फोन लावला.

"पप्पा? या वेळेला? आधी शब्द!" जोआना हसत होती. तिच्यामागे ऑफिसातला प्रिंटर घरघरत होता.

स्टॅगरिंग.

शॅटरिंग.

एकेक शब्द जिभेवर आला. यातला कुठलाही उच्चारला असता, तर तिला तिथेच कळलं असतं, त्या प्रिंटरपाशी, परक्या माणसांत.

"अनएक्स्पेक्टेड," सर म्हणाले. "मम्मीला हॉस्पिटलात नेलंय. सिरीयस आहे. ये तू."

प्रिंटर थांबला. की तीच तिथून उठली, कोण जाणे.

"बरं," जोआना म्हणाली. मग, "पप्पा, तू काही खाल्लंस?"

"हो."

"मी येते. मम्मीला सांग, येते म्हणून."

"सांगतो."

ती विमानात बसली, तशी घंटा वाजली. एकेक ठोका, मध्ये लांब थांबून. सरांनी दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत एखादा शब्द बसतो का पाहिलं. बसला नाही.

प्लासिड तिला आणायला विमानतळावर गेला. वाटेत गाडीत कसं सांगायचं, ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. सांगावं लागलंच नाही. जोआना दुबईहूनच काळे कपडे घालून निघाली होती.

"तुला कळलं होतं," अंगणात सर म्हणाले.

"तू तो शब्द वापरलास, पप्पा." तिने त्यांचा हात धरला. "तेव्हाच कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर तुला सांगावं लागलं असतं."

आत पेटीत पॉलिन निजली होती. बोटांत रोझरी, उशाला सकाळच्याच पुड्या. काही बांधलेल्या, काही तशाच उघड्या. जोआना वाकली. आईच्या कपाळावर ओठ टेकवून कानाशी म्हणाली, "शॉकिंग ग, मम्मी."

सरांनी ऐकलं. त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. प्लासिडने त्यांना खुर्चीत बसवलं.

शॉकिंग. उद्या सकाळी सोनचाफ्याला पुन्हा फुलं येतील.