मी कापलेले एकवीस सेकंद

मी एक जुनी पितळी कात्री आहे. नारीन या डोंगराळ गावाच्या रेडिओ केंद्रात, ध्वनिफीत कापायच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, कात्र्या सहसा लोखंडाच्या असतात, पण रेडिओच्या फितीला लोखंड चालत नाही. लोखंडी पातं हळूहळू चुंबक बनतं आणि जिथे कापेल तिथे आवाजात 'टक्' असा डाग सोडतं. पितळेचं तसं नसतं. मी कापलं तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. या गुणाचं मला फार भूषण वाटे. आज त्याच गुणाची लाज वाटते, आणि ती का, ते सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

मला ओशच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं घडवलं. जन्मभर चहाचे पितळी समोवार घडवलेले हात होते ते. त्यानं माझी धार स्वतःच्या दाढीच्या केसावर तपासली आणि मला लोकरीच्या चिंधीत गुंडाळून डोंगरापलीकडे पाठवलं.

नारीनला मी तुर्सुनायच्या हाती पडले. ती फीत कापून जोडण्याचं काम करी. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आमचा 'पुस्तकाशेजारी' हा कार्यक्रम लागे. भारदस्त आवाजाचा सगिनबेक लेखकांना बोलतं करी. पुस्तकांवरून गोष्ट निघे ती गाण्यांवर जाई, लग्नांवर जाई, दारूवर आणि शाळांवर जाई. पूर्वी ज्या गोष्टी लोक कुजबुजतही बोलत नसत, त्या आता रेडिओवर बोलल्या जाऊ लागल्या होत्या. वरच्या कुरणांत मेंढपाळ तंबूच्या खांबाला रेडिओ अडकवून ऐकत बसत.

कार्यक्रम पंधरा मिनिटांचा, आणि बोलणं भरे चाळीस मिनिटांचं. उरलेलं सगळं माझ्या पोटात. खोकले, अडखळणं, 'म्हणजे कसं की', आणि शांतता. शांततेला आमचे साहेब भोक म्हणत. तीन सेकंदांहून मोठं भोक दिसलं की बुजवायचं, असा त्यांचा दंडकच होता. "भोक पडलं की लोक सुई फिरवून दुसरं केंद्र लावतात," असं ते येताजाता ऐकवत. तुर्सुनायनं तो दंडक इमानानं पाळला आणि मी तर आवडीनं पाळला. हे मी लपवणार नाही.

एका सप्टेंबरात आइम्कान एजे आल्या. आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि मानाच्या बाईलाही. त्या खेड्यातल्या शाळेत शिकवत. त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. वाटेवरून चाललेल्या एका मुलीला काही पोरं उचलून नेतात, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधू बघतात. रुमाल डोक्यावर राहिला की लग्न झालं. अशी ती कथा होती.

सगिनबेकनं विचारलं, "एजे, लोक म्हणतात, तुम्हीही अशाच सासरी आलात. मग राहिलात ते राजीखुशीनं का?"

आइम्कान एजे गप्प झाल्या. फितीवर चहाचा पियाला खाली ठेवल्याचा आवाज होता. एक श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. खिडकीखाली कुणीतरी लाकडं फोडत होतं. मग त्या म्हणाल्या, "हो. राहिले."

तुर्सुनायनं घड्याळ पाहिलं. भोक एकवीस सेकंदांचं होतं, आणि कार्यक्रमही नेमका एकवीस सेकंदांनी लांबला होता. "देवानंच मापून दिलंय," ती म्हणाली. आमच्या यंत्रावर सेकंदाला जवळजवळ वीतभर फीत सरके. एकवीस विती मी दोन घावांत वेगळ्या केल्या. आता प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर येत होतं. "राजीखुशीनं का?" "हो. राहिले." जणू कुणी हसत हसत सांगतंय.

"तुर्सुनाय, सांधा शोधून सापडायचा नाही," सगिनबेक म्हणाला. मी अगदी शेफारून गेले.

त्या दिवसांत बातम्यांवाले मला सारखे उचलून नेत आणि परत द्यायला विसरत. तुर्सुनायनं तीच कापलेली फीत दुमडली, तिची वेणी घातली आणि मला टेबलाच्या पायाला बांधून टाकलं. "बस आता दाव्याला," ती म्हणाली.

गुरुवारी तो कार्यक्रम लागला. सोमवारी आइम्कान एजे पुन्हा आल्या. त्यांनी कोटसुद्धा काढला नाही.

"माझं उत्तर कुठं गेलं?"

"आहे की, एजे," सगिनबेक म्हणाला. "तुमचाच आवाज, तुमचेच शब्द. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

"शब्द आहेत. उत्तर नाही."

तुर्सुनाय म्हणाली, "एजे, तिथं तुम्ही काही बोललाच नव्हता हो. नुसती रिकामी फीत होती."

आइम्कान एजे आल्या तशा निघून गेल्या. मी त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होते. माझ्या गळ्यातच त्यांचं उत्तर होतं, आणि मला मात्र त्या दिवशी बाईच तिरसट वाटली.

मैराम ही तुर्सुनायची धाकटी बहीण. तिला राजधानीत परिचारिकांच्या शाळेत जागा मिळाली होती. नोव्हेंबरात बसच्या थांब्यावरून तिला उचलून नेलं. तुर्सुनायला कळलं तेव्हा दोन दिवस उलटले होते, लग्नाची मेंढी कापून झाली होती आणि आईवडिलांनी मान खाली घालून सगळं मान्य केलं होतं. महिन्याभरानं मैराम केंद्रात आली. डोक्यावर पांढरा रुमाल, हातात घरची रोटी.

तुर्सुनायनं तिला चहा दिला आणि विचारलं, "दुपारपर्यंत तू तीनदा रुमाल फेकलास म्हणे. मग चौथ्यांदा का राहू दिलास?"

"त्या घरची आजी म्हणाली, दगड पडेल तिथंच जड होतो, पोरीनंही आल्या घरीच राहावं. म्हणाली, रेडिओवरची ती मास्तरीण ऐकलीस ना? पुस्तकं लिहिणारी बाई. तिला विचारलं, तर दम न घेता हो म्हणाली. तू काय तिच्याहून शहाणी?"

"आणि तू ते ऐकलंस?"

"मी रेडिओवरच ऐकलं होतं, एजे. तुझा कार्यक्रम म्हणून आपण सगळे ऐकतो ना. मला वाटलं, तिला विचारसुद्धा करावा लागला नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

तुर्सुनाय खाली बसली. माझ्या गळ्यातली गाठ तिनं नखांनी सोडवली, फीत अंगठ्यानं सरळ केली आणि यंत्रावर चढवली. चुरगळल्यामुळे ती खरखरत होती. तरी सगळं होतं. पियाला खाली टेकला. श्वास आत गेला. लाकडं फोडणारा मध्येच थांबला. एकवीस सेकंद आम्ही तिघी गप्प होतो.

मैराम म्हणाली, "इतका वेळ गेला होता मध्ये?"

"हो."

"रुमाल फेकायला मला एवढा वेळ पुरला असता, एजे."

मग चारची बस होती म्हणून ती गेली.

तुर्सुनायनं तो तुकडा जागच्या जागी जोडला आणि कुणालाही न विचारता पुढच्या गुरुवारी कार्यक्रम पुन्हा लावला. साहेबांनी तिला फैलावर घेतलं. लोकांचे फोन आले की रेडिओचा खांब पडला की काय. एका म्हातारीनं मात्र फक्त पुस्तकाचं नाव विचारलं. मैराम शाळेत गेली का, हे मला ठाऊक नाही असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ती गेली नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कात्रीचा काय दोष, हात तर तुर्सुनायचा होता. असं म्हणून मीही पुष्कळदा हात झटकून पाहिले. पण धार माझी होती आणि शाबासकी मिळाली तेव्हा मी ती वाटून घेतली होती. मग अपराधातला वाटा कसा नाकारू? तुर्सुनाय निवृत्त झाली. मी आता केंद्राच्या काचेच्या कपाटात पडून असते. समोर संगणक आहेत. एक कळ दाबली की सगळी शांतता एका झटक्यात जाते, आणि खाली तुकडासुद्धा पडत नाही. निदान माझा तुकडा दावं म्हणून तरी उरला होता.

माझं एवढंच मागणं आहे. मला घासूनपुसून ठेवू नका, माझी धार गेली तर जाऊ द्या. पण कुणाला काही विचारलंत आणि ते माणूस गप्प राहिलं, तर त्याच्या तोंडून लगेच हो वदवून घेऊ नका. त्यानं पियाला खाली ठेवला आहे. थोडं थांबा.