जुना सुती सदरा

सुज्ञ वाचकहो, पाण्याच्या एका बाटलीपायी सख्ख्या नात्यात रक्त कसे सांडले, त्याचा वृत्तांत मी येथे यथामती निवेदन करीत आहे. तो आपण शांत चित्ताने ऐकावा.

"दाजी, बाटली नाल्यात ओता," हिम्मतराव म्हणाला. त्याच्या हातात लोखंडी पहार होती आणि प्रत्येक श्वासाला त्याचे नाक बारीक शीळ घालीत होते.

हैदराबादेतील कुकटपल्लीच्या मागील नाल्यात शिवराज गुडघाभर पाण्यात उभा होता. एका प्रयोगशाळेसाठी पाण्याचे नमुने गोळा करणे ही त्याची नोकरी. खालच्या वस्तीच्या बोअरमध्ये कधीही न विरणारे फ्लोरिनचे रसायन सापडले होते. त्याचा उगम शोधीत तो नाल्याने उलटा वर चढत आला होता. जेथे दोन ओघळ मिळत, तेथे दोहोंचे पाणी तपासावे आणि ज्यात विष अधिक, तो ओघळ धरून पुढे जावे, अशी ती रीत. शेवटचा ओघळ हिम्मतरावाच्या क्रोम चढविण्याच्या शेडखालून निघत होता. आणि हिम्मतराव हा शिवराजच्या पत्नीचा, राणीचा, थोरला भाऊ होता.

"मागल्या बारीला तुमच्याच शुद्ध पाण्यात विष निघालं म्हणे! आता फिर कैकू आले?"

टोमणा खरा होता. मागील खेपेस राणीने हौसेने आणलेले, पाणी न शिरणारे नवे जाकीट शिवराज घालून आला होता. तसल्या कापडावरही तेच रसायन असते, याचे भान त्याला राहिले नाही. नमुन्यात बाहेरून काही मिसळत नाही ना, याचा ताळा पाहण्यासाठी शुद्ध पाण्याची एक बाटली काठावर उघडून पुन्हा बंद करायची असते. तिच्यातही विष उतरले आणि सारी खेप बाद झाली. म्हणून आज त्याच्या अंगात धुऊन धुऊन विटलेला सुती सदरा होता.

"आज जाकीट नाही. आज निघेल ते तुमचंच निघेल."

"अहो, ते फ्लोरिनचं औषध क्रोमच्या हौदात टाकतो म्हणून वाफ दबते! त्याच्यानंच आमच्या कामगारांची नाकं शाबूत हैत. माझं बघा!" हिम्मतरावाने मान मागे टाकली. ते औषध येण्यापूर्वीच्या क्रोमच्या वाफेने नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडले होते.

"तुम्ही वाईट हेतूनं नाही केलं, हिम्मतराव. पण तेच पाणी खाली लेकरं पितात. तुमची भाची ईशा बी पिते."

"बहिणीच्या कुंकवाकडं बघून सांगतोय. ओता!"

शिवराजने बाटलीचे झाकण घट्ट केले.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसऱ्याने उजव्या मनगटाचे हाड काडीसारखे मोडले. शिवराज कोसळला, त्याचे डोके दगडावर आपटले आणि हिम्मतरावाने त्याचे केस धरून तोंड गढूळ पाण्यात दाबले. डोक्यातून निघालेले रक्त ओघळाबरोबर वाहू लागले, तरी बाटली त्याने छातीशी आवळून धरली होती.

"नक्को सेठ, मर जाता वो!" असे ओरडत कामगारांनी धावून हिम्मतरावाला ओढले. तो चिखलात बसून लहान मुलासारखा रडू लागला, आणि त्याचे नाक शीळ घालीत राहिले.

काठावरची ताळ्याची बाटलीही घेऊन शिवराज तसाच प्रयोगशाळेत पोहोचला.

"अहो, आधी दवाखान्यात चला!" प्रयोगशाळेच्या त्रिवेणी मॅडम किंचाळल्या.

"आधी हे घ्या, मॅडम. रक्त बाहेरच्या अंगाला आहे. झाकण उघडलेलं नाही."

या खेपेस ताळ्याची बाटली निर्मळ निघाली. शेडखालचे पाणी मात्र विषाने भरलेले होते.

निकाल कळला त्या सकाळी राणी मोरीत सदरा घासत होती. रक्ताचा डाग तपकिरी होऊन बसला होता.

"पोलिसांत दादाचं नाव देणार?"

"मारल्याचं नाही देणार. पाण्याचं देणार."

मग तिने सदरा पिळून उन्हात टाकला. दुपारी शिवराज तो घ्यायला गेला तेव्हा डाग तसाच होता. पण प्लास्टर घातलेला हात शिरावा म्हणून राणीने उजवी बाही खांद्यापर्यंत उसवून, तिला दोन बंद लावून ठेवले होते.

वाचकांनी येथवर सोबत केली, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
अंबाजी नामदेवराव बिरादार
दिलसुखनगर, हैदराबाद