उघडी पिंपं

आजार म्हणजे एक म्हातारी. पाण्याच्या पिंपावर झाकण दिसलं की काहीतरी लपवलंय असं समजून ती घरात शिरते. आमच्या गल्लीत प्रत्येक साथीबरोबर ही कथा येते आणि सांगणारे असतात माझे चुलतसासरे, निवृत्त मास्तर. मी नर्स. मी घरोघरी पिंपं झाकत जायचे आणि माझी पाठ वळली की शहाण्या बायका ती उघडायच्या. यंदा तेरा घरं जुलाबाने आडवी झाली. मास्तर तेवढे ठणठणीत. मी चौकशीला गेले, तर त्यांच्या शेगडीवर पाणी उकळत होतं, पिंपावर झाकण होतं आणि झाकणावर वीट.

"काका, हे काय?"

"अगं, माझं पोट पहिल्यापासून नाजूक," मास्तर म्हणाले.

गल्लीतल्या लेकरांची पोटं बहुधा पत्र्याची होती.